तो, ती, ते आणि आमच्या बाई

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठवा, असा निरोप आला तेव्हा स्नेहसंमेलन, मधल्या सुट्टीतली नळावरची गर्दी, सहलीची एसटी, सगळं लिहायचं ठरवलं होतं. लिहायला बसले आणि आठवीच्या मराठीच्या बाईच डोळ्यांसमोर आल्या. नाव लिहायची गरज नाही. आमच्या आगेमागे शिकलेल्या कुणालाही नुसतं 'बाई' म्हटलं की त्याच आठवतात.

बाईंची ती चार रकान्यांची वही आठवते ना? शब्द, तो-ती-ते, अनेकवचन आणि वाक्य. एकटा शब्द लिहिलेला त्यांना खपत नसे. 'वीट' लिहिलं की लगेच, "कोण ती?" मग आम्ही एका सुरात, "ती वीट, त्या विटा!" तो दगड, ते दगड. ते तळे, ती तळी. कुणी 'वीटा' असा दीर्घ वी काढला की लाल पेन्सिलीचं गोल वर्तुळ ठरलेलं.

एकदा पावसात मला उशीर झाला. दारातूनच म्हणाले, "बाई, यायला वेळ झाली." वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातात खडू दिला आणि फळ्यावर दोन वाक्यं लिहायला लावली: 'मला यायला वेळ झाला' आणि 'शाळा सुटायची वेळ झाली.' शब्द तोच, पण 'तो' म्हटलं की लागलेला काळ आणि 'ती' म्हटलं की ठरलेली घटका. पुढे तास संपेपर्यंत अख्खा वर्ग 'वेळ'चीच वाक्यं करत होता आणि दाराशी माझी छत्री गळत होती.

आज मी पुण्यात स्पॅनिश शिकवते, याला सोळा वर्षं झाली. मी स्वतः शिकत होते तेव्हा एक दिवस वर्गात 'कापिताल' हा शब्द आला. पुल्लिंगी 'एल' लावून एल कापिताल म्हणजे भांडवल, स्त्रीलिंगी 'ला' लावून ला कापिताल म्हणजे राजधानी. एल कूरा म्हणजे पाद्री, ला कूरा म्हणजे इलाज. बाकीचे पाठांतराला लागले. मला मात्र ते फळ्यावरचं 'वेळ' दिसलं आणि पाठ करायला काही उरलंच नाही.

नवशिक्यांना मी पहिल्या दिवशी बाईंचे रकाने आखायला लावते. 'लीब्रो' नाही, 'एल लीब्रो, लोस लीब्रोस': पुस्तक, पुस्तकं. 'मेसा' नाही, 'ला मेसा, लास मेसास': टेबल, टेबलं. स्पॅनिशमध्ये नामांना नपुंसकलिंग नाही, म्हणजे आपल्यापेक्षा एक घर कमीच. अनेकवचनही सोपं. शेवटी स्वर असला तर बहुधा नुसता स, व्यंजन असलं तर एस: आर्बोल म्हणजे झाड, अनेक झाडं आर्बोलेस. छत्री मात्र एक असो की दहा, 'पाराग्वास'च. एल पाराग्वास, लोस पाराग्वास, आपल्या दगडासारखं.

मराठी कान फसतो तो शेवटच्या 'आ'ला. घोडा, आंबा, फळा ऐकत वाढलेल्या आपल्याला 'आ' म्हणजे पुल्लिंग वाटतं, स्पॅनिशमध्ये तोच बहुतेक वेळा स्त्रीलिंगी. बटाट्याचंच बघा. पोर्तुगीजांकडून हा शब्द आला तेव्हा तो त्यांच्याकडे स्त्रीलिंगी होता, स्पॅनिशमध्येही 'ला पाताता'. आपल्या तोंडात बसला तो 'तो बटाटा' होऊन. म्हणून माझी मुलं हमखास 'एल मेसा' म्हणतात. एवढ्यावर भागत नाही. दिवस म्हणजे एल दिया, 'आ' असून पुल्लिंगी. हात म्हणजे ला मानो, 'ओ' असून स्त्रीलिंगी. ग्रीकमधून आलेला प्रोब्लेमा पुन्हा पुल्लिंगी. इथे नियम सांगून थकायला होतं, बाईंचा दुसरा रकाना थकत नाही.

शाळेत आता आठवीची मराठीची एकच तुकडी आहे असं कळलं. आमच्या वेळी तीन होत्या. फार वाईट वाटलं. माझ्या वर्गात मराठी घरातली मुलं येतात आणि 'तळी' हे कशाचं अनेकवचन, ते त्यांना सांगता येत नाही. त्यांना स्पॅनिश जड जातं, त्याचं कारण मला तिथेच दिसतं.

परीक्षा पास झाल्यावर मी पेढे घेऊन बाईंकडे गेले होते, बरोबर स्पॅनिशची वहीही नेली होती. त्यांना ती लिपी येत होती, भाषा नव्हती. तरी चष्मा लावून रकाने वाचत गेल्या आणि 'थंड पाणी'च्या ओळीवर थांबल्या. "एल आग्वा फ्रीया. पाणी पुल्लिंगी, मग 'फ्रीया' स्त्रीलिंगी कसं?" मी सांगितलं, "बाई, आग्वा स्त्रीलिंगीच आहे. पण पहिल्याच 'आ'वर आघात आहे, म्हणून 'ला आग्वा' असे दोन आ एकमेकांवर आदळू नयेत यासाठी तिथे 'एल' लावतात." त्यांनी विचारलं, "आणि अनेकवचनात?" "तिथे मध्ये स येतो, दोन आ भेटत नाहीत. लास आग्वास."

माझा तो रकाना कोरा राहिला होता. बाईंनी टेबलावरची लाल पेन्सिल उचलली आणि त्यात देवनागरीत लिहिलं, 'लास आग्वास'.