शेल्फमार्कातलं नाव आणि पुठ्ठ्याआतलं नाव

सोळाव्या शतकातला इंग्रज कवी सर टॉमस वायट याचं स्वतःचं बाड ब्रिटिश लायब्ररीत आहे. कविता लेखनिकाकडून स्वच्छ उतरवून घेतलेल्या, त्यांवर वायटनं केलेल्या दुरुस्त्या, आणि पश्चात्तापाच्या स्तोत्रांचं रूपांतर तर थेट त्याच्या हातचं, खाडाखोडीसकट. हे बाड मागवायचं तर चिठ्ठीवर त्याचा शेल्फमार्क, म्हणजे लायब्ररीनं दिलेली ओळखखूण, लिहायचा: ‘एगर्टन २७११’. वायट वारला १५४२ मध्ये. संग्राहक फ्रान्सिस हेन्री एगर्टन वारला १८२९ मध्ये. आणि ब्रिटिश म्युझियमनं (लायब्ररी तेव्हा त्याचाच भाग होती) हे बाड घेतलं १८८९ मध्ये. म्हणजे ज्याचं नाव त्याला चिकटलंय, त्याच्या हाती ते कधी आलंच नाही. एगर्टननं मृत्युपत्रात आपली हस्तलिखितं आणि सोबत १२,००० पौंड ठेवले. त्या रकमेच्या व्याजातून पुढे जी जी खरेदी झाली, तिला एगर्टनचं नाव मिळालं. शेल्फमार्क इथे एवढंच सांगतो की पैसे कुठल्या खात्यातून गेले.

सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्रजी साहित्याच्या हस्तलिखितांवर काम करणाऱ्यानं सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करावं. ‘स्लोन’, ‘हार्ली’, ‘रॉलिन्सन’ ही शेवटच्या मोठ्या संग्राहकांची नावं. ‘कॉटन’मध्ये तर संग्राहकाच्या जोडीला रोमन सम्राटही आहेत, कारण सर रॉबर्ट कॉटनच्या कपाटांवर त्यांचे अर्धपुतळे होते आणि क्रमांक त्यांवरून पडले. ‘अ‍ॅडिशनल’ म्हणजे नंतर येत गेलेली भर. वॉशिंग्टनच्या फोल्जर लायब्ररीतलं ‘व्ही.ए.’ नि ‘व्ही.बी.’ म्हणजे निव्वळ आकार, लहान आणि मोठा. आपल्याकडच्या वाचकाला जवळचं उदाहरण हवं असेल तर फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाचं घ्या. लेखक इंग्रज, ग्रंथ मराठी, रचना गोव्यात झालेली, आणि त्याचं देवनागरी हस्तलिखित लंडन विद्यापीठाच्या सोआस या संस्थेत ज्या नावानं ओळखलं जातं ते आहे विल्यम मार्सडेनचं, म्हणजे स्टीफन्स वारल्यावर सव्वाशेहून जास्त वर्षांनी जन्मलेल्या संग्राहकाचं.

मग बाड मुळात कोणाचं हे शोधायचं कसं?

सुरुवात पीटर बील यांच्या ‘सीईएलएम’पासून, म्हणजे १४५० ते १७०० या काळातल्या इंग्रजी साहित्यिक हस्तलिखितांच्या ऑनलाइन कॅटलॉगपासून. त्यात दोनशेहून जास्त लेखक आहेत आणि प्रत्येक नोंदीला लेखकाचा संकेत व क्रमांक आहे. कवी जॉन डनच्या नोंदी ‘डीएनजे’नं सुरू होतात. नोंदीत बाडाच्या वर्णनाच्या शेवटी मालकांची साखळी असते: आत कोणाची नावं लिहिलीत, नंतर कोणाकडे होतं, कुठल्या लिलावात कितव्या लॉटमध्ये गेलं, कोणी घेतलं. ती साखळी उतरवून घ्या, पण तिथे थांबू नका. हा कॅटलॉग निवडक लेखकांचा आहे. निनावी कवितांनी भरलेलं बाड त्यात एका ओळीत आटोपलेलं असू शकतं, किंवा नसेलही. निनावी कवितांसाठी फोल्जरनं चालवलेली पहिल्या ओळींची एकत्रित सूची वापरावी. तीत शोधताना स्पेलिंगवर विसंबू नका. एकच कविता एका प्रतीत ‘व्हेन’नं तर दुसरीत ‘व्हेनॅज’नं सुरू होते, म्हणून मधले दोन-तीन ठळक शब्द टाकून पाहावं.

नंतर प्रत्यक्ष बाड. इथे घाईत पहिलं पान उघडून त्यावरचं नाव टिपलं जातं, आणि तिथेच घोळ होतो. आधी कागद बघा. सुरुवातीची-शेवटची कोरी पानं आणि मजकुराची पानं एकाच कागदाची आहेत का? पान उजेडासमोर धरलं (लायब्ररीत यासाठी पातळ प्रकाशपट्टी मागता येते) की साखळीरेषा (कागदाच्या साच्यातल्या तारांच्या समांतर खुणा) आणि जलचिन्ह (कागद करणाऱ्याची साच्यातून उमटलेली खूण) दिसतं. ताव एकदा दुमडला की फोलिओ: रेषा उभ्या, जलचिन्ह पानाच्या मधोमध. दोनदा दुमडला की क्वार्टो: रेषा आडव्या, जलचिन्ह शिवणीत अर्धं-अर्धं अडकलेलं. तीनदा दुमडला की ऑक्टाव्हो: रेषा परत उभ्या, जलचिन्हाचे तुकडे शिवणीच्या वरच्या कोपऱ्यात. इंग्लंडमध्ये वापरला जाणारा लिहायचा कागद बहुतेक फ्रान्सहून यायचा आणि त्यात कानाचं भांडं हे चिन्ह इतकं सर्रास आढळतं की नुसतं ‘भांडं’ लिहून काहीच कळत नाही. भांड्यावरची अक्षरं, उंची, दोन साखळीरेषांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये घ्यावं. ताडून पाहायला जलचिन्हांचे छापील संग्रह आहेत: १६०० पर्यंत ब्रीके यांचा, त्यापुढे हीवुड यांचा.

कोऱ्या पानांचा कागद वेगळा निघाला तर ती पानं बांधणीच्या वेळची. मग त्यांवरचं नाव मजकूर लिहिणाऱ्याचं असेलच असं नाही, ते बांधून घेणाऱ्याचं किंवा त्याच्याही नंतरचं असू शकतं. उलटही घडतं. एकोणिसाव्या शतकात मोठ्या संग्रहालयांनी सरसकट नव्यानं बांधणी केली, जुने पुठ्ठे आणि त्यांना चिकटलेली पानं काढून टाकली, कडा छाटल्या. ज्या समासात ‘हिज बुक’ किंवा ‘हर बुक’ असायचं तो समासच कातरीत गेला. अशा वेळी पानांच्या कडेला अर्धी कापलेली अक्षरं शोधावी लागतात.

नाव सापडलं तर पुढचा प्रश्न: ते कोणत्या हातचं? तेव्हाची शिकलेली माणसं अक्षराची दोन वळणं लिहायची, जुनं गुंतागुंतीचं सेक्रेटरी आणि आजच्या अक्षराला जवळचं इटालिक. एकच माणूस मजकूर सेक्रेटरीत आणि सही इटालिकमध्ये करी, त्यामुळे वळण वेगळं म्हणून माणूस वेगळा, हा निष्कर्ष कच्चा. सेक्रेटरी पहिल्यांदा पाहणाऱ्याची अवस्था बाळबोध शिकलेल्यानं मोडी दप्तर उघडल्यासारखी होते: ‘ई’ उलटा, ‘सी’ नि ‘टी’ जवळजवळ सारखे, ‘एच’ रेघेखाली लोंबणारा. ताडून पाहायचं ते अक्षरांच्या रूपांत: मोठा ‘ए’, ‘डी’ची मागे वळलेली काठी, ‘एस’ची शेवटची रूपं. आणि एकच नाव पानभर सात-आठ वेळा गिरवलेलं दिसलं तर ते बहुधा लेखणी चालवून बघणं आहे, मालकीहक्क नव्हे.

फोल्जरमधलं व्ही.ए. ८९ हे बाड या बाबतीत चांगला धडा आहे. त्यावर ‘अ‍ॅन कॉर्नवॉलिसचं पुस्तक’ अशा अर्थाची ओळ आहे. अभ्यासक त्याला कॉर्नवॉलिस–लायसन्स बाड म्हणतात. लायसन्स म्हणजे १८१९ मध्ये वारलेला पुरातत्त्वप्रेमी सॅम्युअल लायसन्स. दोन नावांत दोनेकशे वर्षांचं अंतर, मध्ये एक छोटी रेघ. त्या रेघेत किती हात दडलेत ते नावावरून कळत नाही. आणि ‘पुस्तक अ‍ॅनचं’ म्हणजे ‘कविता अ‍ॅननं उतरवल्या’ असंही नाही. बायकांची नावं असलेल्या बाडांबाबत दोन टोकं गाठली जातात. जुने अभ्यासक ‘बाईनं काय लिहिलं असणार’ म्हणून नाव सोडून देत, हल्लीचे काही जण नाव दिसताच तिला संकलक करून टाकतात. दोन्ही आळशीपणाच. हात जुळवा, मग बोला. शिवाय लग्नानंतर आडनाव बदलतं. म्हणून एकाच बाईची दोन नावं दोन मालक म्हणून मोजली जात नाहीत ना, हे बघायला पॅरिश नोंदवह्या, म्हणजे स्थानिक चर्चमधल्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी, लागतात.

खोडलेली नावं हा वेगळाच खजिना. नवा मालक जुन्याचं नाव खरडून किंवा शाईनं गिरवून टाकी. त्या काळची शाई मायफळं, हिराकस आणि डिंकाची, म्हणजे लोहयुक्त. अतिनील प्रकाशात ती गडद होते, त्यामुळे धुतलेलं, फिकं पडलेलं नाव परत वाचता येतं. अवरक्त प्रकाशात मात्र ती विरून जाते आणि काजळीची शाई किंवा पेन्सिल तेवढी उरते. लोहशाईवर लोहशाईच गिरवली असेल तर दोन्हींचा फारसा उपयोग नाही. तिथे तिरका उजेड टाकून लेखणीच्या टोकानं पडलेली खाच वाचायची. जुन्या ग्रंथपालांनी फिकी शाई उजळायला मायफळाचा अर्क फासलेली पानं मात्र हातची गेली: तपकिरी डाग, त्यात सगळं बुडालेलं.

पुठ्ठ्यावरचं राजचिन्ह पाहून हुरळून जाऊ नये. राजाचं कुलचिन्ह दाबलेले पुठ्ठे बांधणीवाले सजावट म्हणून सर्रास विकायचे. खासगी घराण्याचं चिन्ह असेल तर ते कामाचं. टोरांटो विद्यापीठाच्या ब्रिटिश कुलचिन्हांकित बांधण्यांच्या डेटाबेसमध्ये ते शोधता येतं.

तारखांचा गोंधळ नवख्यांना हमखास नडतो. इंग्लंडात १७५२ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदलायचं. पुस्तकावर ‘१२ फेब्रुवारी १६२३’ लिहिलंय म्हणजे आपल्या हिशेबानं १६२४. राज्यवर्ष दिलं असेल तर राज्यारोहणापासून मोजा: ‘एलिझाबेथ २२’ म्हणजे १७ नोव्हेंबर १५७९ ते १६ नोव्हेंबर १५८०. हे न पाहता मृत्युपत्र शोधायला गेलात तर मेलेल्या माणसाला पुस्तक विकत घ्यायला लावाल. मृत्युपत्रांसाठी कँटरबरीच्या न्यायालयाची पीआरओबी ११ मालिका ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, १८५८ पर्यंतची. फार अपेक्षा ठेवू नका. बहुतेक ठिकाणी ‘माझी सगळी पुस्तकं’ एवढंच असतं.

अठराव्या शतकापासून पुढचा माग सोपा होतो, कारण व्यापार सुरू झाला आणि व्यापारी लिहून ठेवतात. हार्ली संग्रहाचा ग्रंथपाल हंफ्री वॉन्ली हस्तलिखित आलं की पहिल्या पानावर लॅटिनमध्ये तारीख टाकायचा, आणि त्याची रोजनिशी छापलेली आहे. तारीख घ्या, रोजनिशी उघडा, कोणाकडून किती घासाघीस करून घेतलं ते बऱ्याचदा सापडतं. सर टॉमस फिलिप्सची गोष्ट वेगळी. या गृहस्थानं सुमारे ६०,००० हस्तलिखितं जमवली. १८७२ मध्ये तो गेल्यावर ती विकायला शतकाहून जास्त काळ लागला. त्याचा क्रमांक कण्यावरच्या छोट्या कागदी चिठ्ठीवर असतो. पण त्याच्या छापील यादीत क्रमांकांचे घोळ आहेत, तेव्हा क्रमांकासोबत शीर्षकही जुळवा. लिलावाच्या कॅटलॉगात खरेदीदार म्हणून ‘क्वॉरिच’ किंवा ‘डोबेल’ दिसलं तर तो मालक नव्हे, पुस्तकविक्रेता. त्यानं कोणासाठी बोली लावली हा पुढचा शोध. आतल्या पुठ्ठ्यावरचे पेन्सिलीतले बारीक आकडे-अक्षरं बहुधा विक्रेत्यांचे किंमतसंकेत असतात. ते पुसट असले तरी जसेच्या तसे उतरवा.

डिजिटल प्रतींवर हे सगळं करता येईल अशा भ्रमात राहू नये. कण्यावरची चिठ्ठी, शिवणीतलं जलचिन्ह, खरडलेल्या जागी पातळ झालेला कागद, यातलं काही छायाचित्रात येत नाही. शिवाय ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्यानंतर ब्रिटिश लायब्ररीच्या हस्तलिखितांच्या प्रतिमा दीर्घकाळ बंदच होत्या.

नावावर विश्वास ठेवण्याची किंमत किती, ते ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीमधल्या ‘रॉलिन्सन पोएट. १६०’नं दाखवलं. त्यात ‘शॅल आय डाय’ या कवितेखाली शेक्सपिअरचं नाव आहे. १९८५ मध्ये अभ्यासक गॅरी टेलर यांनी ते खरं मानलं आणि कविता शेक्सपिअरच्या ऑक्सफर्ड समग्र आवृत्तीत गेली. येल विद्यापीठातल्या दुसऱ्या प्रतीत नाव नाही. अशा बाडांत रॅले, डन, कॉर्बेट या कवींची नावं ज्या सढळ हातानं वाटली जात, ते पाहता एका संकलकाच्या शब्दावर एवढी इमारत उभी करायला नको होती. एकोणिसाव्या शतकातला अभ्यासक जॉन पेन कॉलियर यानं तर बनावट मजकूर घुसवायला अस्सल जुन्या वह्यांतली कोरी पानं वापरली. फोल्जरच्या व्ही.ए. ३३९ मध्ये वही सतराव्या शतकाची आणि त्यातली बॅलडं, म्हणजे कथागीतं, एकोणिसाव्यातली. वहीचा मालक खरा, कागद खरा, म्हणून मजकूरही खरा असं धरून चाललं की पाय घसरतो.

ज्यावर नाव नसतं, त्याचं काय होतं ते सतराव्या शतकातला कवी टॉमस ट्रहर्न याच्या बाबतीत पाहावं. १८९६–९७ च्या हिवाळ्यात लंडनच्या रस्त्यावरच्या गाड्यांवर त्याची दोन हस्तलिखितं काही पेन्सना मिळाली. संपादक ग्रोसार्टला ती त्याच शतकातल्या हेन्री व्हॉन या कवीची वाटली आणि तशी छापायची तयारीही झाली होती. ग्रोसार्ट वारल्यावर ती पुस्तकविक्रेता बर्ट्रम डोबेलकडे आली. त्यानं छापील, पण निनावी, पुस्तकातल्या मजकुराशी ताडून लेखक शोधला आणि १९०३ मध्ये कविता छापल्या. १९६७ च्या सुमारास लँकशरमधल्या कचऱ्याच्या पेटत्या ढिगातून एकानं आणखी एक बाड ओढून काढलं. ते ट्रहर्नचं आहे हे कळायला १९८० चं दशक उजाडलं. लंडनच्या लॅम्बेथ पॅलेस लायब्ररीतलं १३६० क्रमांकाचं बाड मात्र कुठेही हरवलेलं नव्हतं. फळीवर होतं, कॅटलॉगात होतं, फक्त नोंदीत लेखकाचं नाव नव्हतं. १९९७ मध्ये अभ्यासक जेरेमी मॉल यांनी ते ट्रहर्नचं म्हणून ओळखलं. त्यातला मजकूर मुख्यतः गद्य आहे, म्हणजे पहिल्या ओळींच्या सूचीत असं बाड गवसणं कठीण. त्यासाठी जुन्या छापील कॅटलॉगातल्या, नाव नसलेल्या ‘धर्मविषयक निबंध, १७ वे शतक’ छापाच्या नोंदी एकेक करून मागवाव्या लागतात.