हेडलाइट लुकलुकतात? आधी अर्थ वायर बघा
आज गोव्यातल्या मालीम जेटीवर मासळी वाहणारी पिकअप कामाला आली. एकच हेडलाइट लुकलुकला तर बल्बचा होल्डर बघायचा. हिचे दोन्ही, म्हणजे अर्थ (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी जोडणी), रिले (लाइटला करंट सोडणारा स्विच) किंवा अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा). इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट, चार्जिंग ठीक. मग लाइट लावून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी बल्बच्या अर्थ वायरला: ०.९ व्होल्ट! ०.२ च्या वर गेलं की अर्थ खराब समजा. अर्थचा बोल्ट खोलला तर लगखाली (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) हिरवा थर. खारा वारा आणि मासळीचं पाणी, दुसरं काय होणार! पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, नवा लग वायरवर दाबून क्रिंप केला, बोल्ट आवळला आणि मगच वरून ग्रीस. ६०/५५ वॉटच्या (हाय/लो बीम) जुन्या वायरिंगवर १००/९० चे बल्ब लावायची हौस मात्र नको, होल्डर वितळतो.