तू काऊन नाई गेला?

रात्रीचे साडेअकरा झाले. मचाणावर बसून मोबाइलवर लिहून राहिलोय, बोटं गारठलीत, ऱ्हस्वदीर्घ सांभाळून घ्या. रात्री पीक राखायच्या जागलीचा नंबर माझाच होता, पण नसता तरी झोप आली नसती, दुपारपासून बाबांचं ते एक वाक्य डोक्यात गरगर फिरतंय.

तसं झालं काहीच नाही. वेचणीच्या बाया जेवायला बसल्या होत्या, बाबा धुऱ्यावर, मी फोनमध्ये. पांडुरंग खानखोजेंचं वाचत होतो. आपल्या वर्ध्याचा माणूस, विशीत घर सोडून जपान, मग अमेरिका, तिथं शेतकी शिकला, इंग्रजांना हाकलायला परदेशातल्या भारतीयांनी उभारलेल्या 1913 च्या गदर चळवळीत पुढं होता, पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांशी लढला, आणि फिरत फिरत 1924 ला मेक्सिको. तिथं चापिंगोच्या शेतकी शाळेत प्राध्यापक झाला, मक्यावर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी फुकट शेतीशाळा चालवल्या. दिएगो रिव्हेरा म्हणजे त्यांचा केवढा मोठा चित्रकार, त्यानं शिक्षण खात्याच्या भिंतीवर जेवणाच्या टेबलाचं चित्र काढलं तर भाकर वाटायला मधात आपला हा माणूस बसवला. 2022 ला चापिंगोत त्याचा पुतळाही लागला. हे सगळं मी बाबांना मोठ्या हौसेनं वाचून दाखवलं, जसा काही माझा सख्खा काकाच.

बाबा सुपारी कातरत ऐकत होते. मक्याचं आलं तसे म्हणाले, "मका? इकडं लावून दाखव म्हणा त्याले, डुकरं एक कणीस ठेवतीन का?" बाया हसल्या. आणि मग अगदी सहज, "शेतकी त तूबी शिकला. तू काऊन नाई गेला?"

बस. उठले अन् बैलाला पाणी दाखवायला गेले.

काऊन नाई गेला! हे यांनी विचारावं? मी अकोल्याहून ॲग्री करून आलो त्या वर्षी घरात काय चाललं होतं हे यांना मी सांगू? आईची ती फाइल अजून कपाटात... जाऊ द्या.

मग दिवसभर मनातल्या मनात भांडलो. कापसाचा ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला की गाडी परत आणायची मी, पीककर्जाचं नवंजुनं करायचं मी, कुंपणाच्या तारेत करंट सोडणाऱ्या झटका मशीनची बॅटरी चार्ज करायची मी, 2025 ला अमेरिकेनं आपल्या मालावर 50 टक्के टॅरिफ, म्हणजे आयात कर लावला तर त्याचं आपल्याला काय हे समजावून सांगायचं मी, सरकारनं बाहेरच्या कापसावरचा 11 टक्के कर 31 डिसेंबर 2025 पर्यंत काढून टाकला तेव्हा त्यांच्या शिव्या ऐकून घ्यायच्या त्याही मीच, आणि वरून काऊन नाई गेला. अरे गेलो असतो तर ही बॅटरी कोणी लावली असती!

संध्याकाळी राग थोडा बसला तसा तोच लेख पुन्हा उघडला. आपण 'गेला' किती सोपं करून बोलतो. त्याचं नाव इंग्रजांच्या काळ्या यादीत, म्हणजे गेला ते यायची वाटच बंद. 1949 ला, स्वातंत्र्य मिळून दोन वर्षं झाल्यावर, इथल्या सरकारनंच शेतीच्या सल्ल्यासाठी बोलावलं तर आपल्याच विमानतळावर अडवलं, कारण ती जुनी यादी कोणी काढूनच टाकली नव्हती. हे वाचून मला एकट्यालाच हसू आलं. आजोबांचं नाव सातबाऱ्यावरून निघायला किती वर्षं लागली ते आठवलं. पुढं 1955 ला तो नागपूरला येऊन राहिला आणि 1967 ला तिथंच गेला.

आणि इथं कोणी पाहत नाही तर लिहून टाकतो. त्या वर्षी घरी सगळं ठीक असतं तरी मी गेलो असतो का? पासपोर्टचा फॉर्म तरी भरला होता का? नाही. आजही नाही पासपोर्ट. नागपूरला लग्नाला दोन रात्री थांबलो तर तिसऱ्या दिवशी तुरीला पाणी कोण देईल म्हणून जीव वरखाली होतो. असा माणूस इराणात काय लढणार, खामगावच्या पुढं एष्टीत ओकतो मी.

खाली शेकोटीपाशी बाबा पडलेत. मला वाटलं झोपले. आत्ता मध्येच आवाज आला.

"काय रे, थो मेक्सिकोवाला वापस आला तवा त्याचा बाप होता का जिता?"

मी म्हटलं, "पाहून सांगतो."

"पाय," म्हणाले, आणि शेकोटीत दोन पऱ्हाट्या सरकवल्या.

मी काही पाहिलं नाही. फोन हातात धरून बसलो नुसता. मग तुरीत काहीतरी खसफसलं, रोही, म्हणजे नीलगाई असाव्यात, आणि माझ्याआधी बाबाच ओरडले, होऽऽऽ.