ड्रम ठेवायचे कुठे?

गिटार पलंगाखाली सरकवता येते. बेस, म्हणजे खर्जातली गिटार, कपाटामागे उभा राहतो. मुंबईत रॉक बँड काढणाऱ्या पोरांचं घोडं अडतं ते ड्रमपाशी. वन-रूम-किचनमध्ये ड्रमकिट मांडलं तर घरच्यांनी काय जिन्यात झोपायचं? आणि मांडलंच, तरी पहिल्या ठोक्याला सोसायटीचे सेक्रेटरी दारात हजर. त्यामुळे या शहरात ज्याच्याकडे ड्रमला जागा, तोच बँडचा खरा मालक. गाणारा नुसता पोस्टरवर झळकतो.

माझा भाचा ड्रम वाजवतो. म्हणजे तासावर भाड्याने मिळणाऱ्या जॅमरूममध्ये, बँडच्या तालमीच्या खोलीत, जाऊन वाजवतो. एकदा मीही गेले होते. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. त्यांनी आतला घुमारा कमी होतो, बाहेर जाणारा आवाज काही थांबत नाही. गिटार बरीचशी भिंतीतच जिरते. किक ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, आणि बेस मात्र बेधडक पलीकडे जातात. म्हणजे शेजाऱ्याला गाणं नाहीच, फक्त धबधब. त्याला रॉक आवडणार तरी कसं? ड्रमखाली सतरंजी होती आणि किकच्या पुढ्यात चक्क एक वीट. ती नसली तर पायाच्या दणक्यासरशी किक सरकत सरकत गायकाच्या पोटऱ्यांना भिडते. तास भरत आला तसा पुढचा बँड दारात घुटमळायला लागला.

तिथलं किट सामायिक, पण झांजा, स्नेअर नावाचा छोटा ड्रम आणि किकचं पेडल ज्याचं त्याने आणायचं. झांजांची ती गोल बॅग घेऊन भाचा लोकलमध्ये चढला, की कुणीतरी हमखास विचारतं, "डोशाची गाडी लावतोस का रे?"

जागेचं हे रडगाणं आजचं नाही. धोबीतलावच्या रंगभवनात, उघड्या आकाशाखाली, १९७८ साली जॅझ यात्रा भरली आणि १९८६ साली इंडिपेंडन्स रॉक हा रॉकचा महोत्सव सुरू झाला. पोरं त्याला आय-रॉक म्हणायची. गर्दीला तेव्हा परदेशी बँडची पाठ असलेली गाणीच हवी असायची. तशात रॉक मशीन या मुंबईच्या बँडने १९८८ साली स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, याला माझ्या मते जिगर लागते. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर. हेच पुढे इंडस क्रीड झाले. विशाल ददलानीही हिंदी सिनेमाला संगीत देण्याआधीपासून पेंटाग्राम या रॉक बँडचा गायक.

पण रंगभवनाच्या एका अंगाला झेवियर्स कॉलेज, हाकेच्या अंतरावर कामा आणि जीटी ही रुग्णालयं. २००० सालच्या नियमांनी रुग्णालयं, शाळा-कॉलेजं आणि न्यायालयांभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्रात धरले आणि रंगभवनातलं रॉक संपलं. आजाऱ्यांच्या उशाशी दणदणाट नको, हे मलाही पटतं. मात्र त्याच नियमांत सणा-उत्सवांसाठी वर्षाकाठी १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, आणि आमच्या गल्लीतली बँजो पार्टी ती सूट पुरेपूर वसूल करते. रॉकवाल्यांना अजून कुठला देव पावलेला नाही.

मग २००७ मध्ये लोअर परळच्या गिरणीच्या आवारात ब्लू फ्रॉग हे संगीताचं क्लब उघडलं. साउंड उत्तम, स्वतःची गाणी वाजवणाऱ्यांना हक्काचा मंच. २०१६ मध्ये तेही मिटलं.

भाच्याच्या बँडने आता वेगळीच शक्कल काढली आहे. त्याने हप्त्यावर इलेक्ट्रॉनिक किट घेतलं, त्यावर रबरी पॅड. गिटार, बेस, ड्रम सगळं एका छोट्या मिक्सरला जोडायचं आणि चौघांनी कानाला हेडफोन लावून ताईच्या हॉलमध्ये बसायचं. त्यांच्या कानात स्टेडियम दणाणत असतं. स्वयंपाकघरात ताईला ऐकू येते रबरावरची टकटक, आणि गायकाचा उघडाबोडका आवाज, कुठल्याही साथीविना. गायक बेसूर आहे हे ताईला पहिल्या दिवशीच कळलं. त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. पुढच्या महिन्यात त्यांचा गिग आहे.