फळ्यावरचे पाच आकडे

नगर जिल्ह्यातल्या लोणी परिसरातल्या आपल्या शाळेत मी आठवीत होतो. नागरिकशास्त्राच्या सरांनी एके दिवशी फळ्यावर पाच आकडे लिहिले: ६०, १०, १०, १०, १०. मग मला उभं केलं. "बापानं धान्याची गाडी घरी आणली. लेक चार, चुली वेगळ्या. एकाकडं खाणारी तोंडं जास्त, एक कोरडवाहूवाला, एक रात्रंदिवस राबणारा, एकाच्या घरी आजारपण. वाटप कसं करशील?" मी म्हणालो, सगळ्यांना सारखं. "मग आजारपणवाल्याची चूल पेटेल का रे?" सरांनी एवढंच विचारलं.

ते आकडे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांचे होते. केंद्राची मदत राज्यांना कशी वाटायची, याचं १९६९ चं सूत्र. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीरचा वाटा आधी बाजूला काढायचा. उरलेल्यातले ६० टक्के लोकसंख्येवर, आणि प्रत्येकी १० टक्के कमी दरडोई उत्पन्न, कर गोळा करण्याचा प्रयत्न, चालू असलेले पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि राज्याच्या खास अडचणी यांवर. त्याआधी योजनेगणिक मदत ठरे, म्हणजे दिल्लीला खेटे घालणं आलंच.

धनंजयराव १९३० पासून पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक, १९६६ मध्ये पुणे विद्यापीठाचे कुलगुरू, १९६७ पासून नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. आपल्याला ते ठाऊक आहेत ते प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष म्हणून. विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर त्यांनी शेतकऱ्यांचे भाग (शेअर) गोळा करून कारखाना उभा केला आणि १९५० च्या अखेरीस पहिलं गाळप सुरू झालं. केंब्रिजला शिकलेला हा प्राध्यापक आपल्या बांधावर बसून भागभांडवलाचा हिशेब समजावून सांगे, असं माझे वडील सांगायचे. वडील त्या पहिल्या सभासदांपैकी. हातातले पैसे मोजून देताना भीती वाटली होती, हेही ते लपवत नसत.

पुढे मी राज्याच्या नियोजन विभागात नोकरी केली. तालुक्यांचे तक्ते करताना तो फळा डोळ्यांपुढे येई. गरीब राज्यांसाठी दहाच टक्के हे मला कायम कमी वाटलं. १९८० मध्ये तो वाटा २० टक्क्यांवर गेला तेव्हा सरांना मुद्दाम पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं: "सूत्र उघड लिहिलेलं होतं, म्हणून चूक दाखवता आली."

३ मे १९७१ रोजी, दिल्लीतलं पद सोडून पुण्याला परतताना, धनंजयराव रेल्वेतच गेले. त्या दिवशी वडील शेतावरून लवकर घरी आले आणि रात्री जेवले नाहीत.

वडिलांच्या ट्रंकेत कारखान्याच्या भागाचा जुना दाखला सापडला. शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तो चौकट करून शाळेला देतो आहे. आठवीच्या वर्गात, फळ्याशेजारी लावावा, एवढी विनंती.