सादळलेली काडी

दुपारी चहाची तलफ आली आणि गॅसचा लायटर नुसता टकटक करत राहिला. ठिणगी काही पडेना. देवघरातली काडेपेटी आणली, तर ती सादळलेली. पहिल्या काडीचा गुल पेटीलाच चिकटला, दुसरी मोडली, तिसरी फुर्र करून विझली. बाहेर आषाढ कोसळतोय आणि मला आठवतोय कोण, तर अमेरिकन लेखक जॅक लंडन!

त्याच्या 'टू बिल्ड अ फायर' या गोष्टीतला तो माणूस. कॅनडातल्या युकॉनची थंडी, शून्याखाली 75 अंश फॅरनहाइट; थुंकी खाली पडायच्या आत हवेतच तडकते. बर्फाखालच्या पाण्यात पाय भिजतात म्हणून हा बाबा शेकोटी पेटवतो, ती नेमकी झाडाखाली. फांद्यांवरचा बर्फ धपकन खाली, शेकोटी गारद. मग बोटं इतकी बधिर की काडी धरवेना. दातांत धरून पेटवली, तर धूर नाकात जाऊन खोकला आला आणि काडी बर्फात. शेवटी दोन तळव्यांत 70 काड्यांचा जुडगा धरून एकदम पेटवतो. हात जळतोय हे त्याला वासावरूनही कळतं.

आमच्या आजीची चूलही पावसाळ्यात रुसायची. पण आजी काडी कानामागच्या केसांत दोनदा घासायची, चुडताच्या आडोशाला धरायची, की पेटलीच. आम्ही दुसरी काडी काढली की ओरडायची, "काड्या काय झाडाला लागतात?" त्या झाडालाच लागतात, असं एकदा म्हणालो होतो. परत नाही म्हणालो.

लंडनने ही गोष्ट दोनदा लिहिली. 1902 साली पोरांच्या मासिकासाठी लिहिली, तेव्हा माणूस अंगावर व्रण घेऊन का होईना, वाचतो. 1908 साली मोठ्यांसाठी लिहिताना त्याने त्याला सरळ मारून टाकला. थंडी तीच, मूर्खपणा तोच. या वेळी सोबतीला एक कुत्रा दिला. तो थोडा वेळ बसतो, वास घेतो आणि जिथे शेकोटी पेटलेली असेल तिकडे निघून जातो. मला तर त्या मरणापेक्षा हे निघून जाणंच जास्त लागलं.

लंडन स्वतः 1897 साली, एकविसाव्या वर्षी, सोनं शोधायला युकॉनमधल्याच क्लोंडाइकला गेला होता. सोन्याच्या नावाने शंख, वर स्कर्व्ही हा क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार घेऊन परतला. पुढे रोज हजार शब्द लिहायचा नेम धरला आणि 1916 मध्ये चाळिशीतच गेला. हजार शब्द! सकाळपासून मी वाण्याची यादी लिहिली आहे, तीही अर्धी.

चौथी काडी केसांत घासून पाहिली. कालच तेल लावलं होतं.

चहा राहू दे. पेटीत चारच काड्या उरल्यात आणि संध्याकाळी देवापुढे दिवा लावायचाय.