निरंक

10 जुलै 2025, गुरुवार

गुरुपौर्णिमा. सकाळी सरांना, नोकरीत मला काम शिकवणाऱ्यांना, फोन केला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी नमस्काराच्या आधी त्यांचा प्रश्न आला, "काय गं, कोर्लईचं काय निघालं?" म्हटलं, सर, पेपरात आलंय तेवढंच सांगू शकते. हसले. "तेवढंच सांग. उरलेलं मी लावतो."

पेपरात आलं ते असं. रविवारी, आषाढी एकादशीच्या रात्री, रेवदंड्याजवळ कोर्लईपासून दोनेक सागरी मैलांवर तटरक्षक दलाच्या रडारवर संशयास्पद बोट दिसली. पोलीस, नौदल, बॉम्बशोधक पथक, सगळे धावले. जिल्ह्यात नाकाबंदी झाली. पाऊस-वारा असा की पाण्यात उतरलेल्यांना माघारी फिरावं लागलं. चॅनलवाल्यांनी उजाडेपर्यंत पाकिस्तानी बोट जवळजवळ किनाऱ्याला लावूनच टाकली होती. शेवटी निष्कर्ष निघाला की ती बोट नव्हतीच. पाकिस्तानी मच्छीमारांच्या जाळ्याला बांधलेला, सिग्नल देणारा बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, वाहत इकडे आला होता.

सोसायटीत यावर दोन दिवस विनोद चालले. मला हसू आलं नाही, आणि खरं सांगायचं तर रागही आला नाही. किनाऱ्याच्या सुरक्षेसाठी येणारी माहिती चाळणं, ताडणं आणि वर पाठवायची की नाही ते ठरवणं हे माझं काम. कुठल्या कार्यालयात, ते इथेही लिहीत नाही. सरकारी गुपितांचा 1923 चा कायदा रोजनिशीलाही लागू आहे.

तर बोया. मोठ्या जहाजांवर एआयएस नावाचं यंत्र असतं. नाव, जागा, वेग, दिशा असं सगळं ते आपण होऊन हवेत सांगत राहतं. प्रत्येकाला नऊ आकडी क्रमांक आणि त्यातल्या पहिल्या तीन आकड्यांवरून देश कळतो. 419 म्हणजे भारत, 463 म्हणजे पाकिस्तान. हल्ली तसलंच स्वस्त यंत्र बोयाला लावून जाळ्यावर सोडतात, म्हणजे रात्री जाळं सापडतं. पडद्यावर मात्र तो बोया बोट होऊन दिसतो, नाव-नंबरासकट. त्यात नाव आणि नंबर भरणारा माणूसच असतो, त्याला वाटेल ते तो भरू शकतो. त्यातून जुलै महिना. यांत्रिक बोटींना 31 जुलैपर्यंत मासेमारीबंदी, समुद्र रिकामा, आणि त्या रिकाम्या समुद्रात 463 वाला एक ठिपका. रात्रपाळीच्या पोराने काय करायचं? कळवायचंच. त्याने कळवलं हे बरोबरच झालं.

कळवल्यानंतरचं काम वेगळं आणि कंटाळवाणं. ठिपका स्वतः चालतोय की वाहतोय? इंजिन असलेली बोट कुठेतरी निघालेली असते. वाहणारी वस्तू भरतीला एकीकडे सरकते, ओहोटीला दुसरीकडे, आणि वेग एखाद्या नॉटच्या, म्हणजे तासाला एखाद्या सागरी मैलाच्या, आसपास. मग वारा बघायचा, प्रवाह बघायचा, आधीच्या दिवसांत हाच नंबर कुठे दिसला होता ते खोदायचं. पावसाळ्यात रडारचाही भरवसा नाही, लाटांचे प्रतिध्वनी इतके येतात की लहान होडी त्यात हरवून जाते.

हरिहरेश्वरची बोट आठवली. 18 ऑगस्ट 2022, दुसऱ्या दिवशी दहीहंडी. किनाऱ्याला लागलेल्या त्या रिकाम्या बोटीत तीन एके-47 रायफली आणि काडतुसं. माझं माहेर श्रीवर्धन तालुक्यातलं. आईचा फोन, "अगो, इथे किनाऱ्यावर बंदुका मिळाल्यात, तू कुठे आहेस? नि आम्ही घरात थांबायचं की कसं?" तिला काही सांगता येईना. जे माहीत होतं ते सांगायचं नव्हतं आणि जे तिला ऐकायचं होतं ते अजून माहीत नव्हतं. संध्याकाळच्या आत सरकारने विधानसभेत खुलासा केला: बोट ऑस्ट्रेलियन मालकीची, मस्कतहून युरोपला निघाली होती, जूनअखेरीस इंजिन बंद पडलं. माणसांना कोरियन जहाजाने वाचवलं, बोट खवळलेल्या समुद्रात सोडून द्यावी लागली. तीच सात-आठ आठवडे नैर्ऋत्येच्या वाऱ्याने ढकलत कोकणात आणली. आईला हे टीव्हीवरून कळलं, माझ्याकडून नाही. ती अजून ते ऐकवते.

आईला भीती वाटली यात तिचं काय चुकलं? शेखाडी आमच्याच तालुक्यात. 1993 च्या फेब्रुवारीत आरडीएक्स तिथेच उतरलं आणि 12 मार्चला मुंबईत 257 माणसं गेली. मी तेव्हा शाळेत होते. मोठी माणसं हळू आवाजात बोलत आणि आम्ही आलो की विषय बदलत, एवढंच आठवतं. पुढे नोकरीत आल्यावर निकालाबद्दलचं वाचलं. लाच घेऊन माल जाऊ दिल्याबद्दल पोलीस आणि कस्टममधले काही जण टाडा न्यायालयात दोषी ठरले होते. तिथे विश्लेषकाने कितीही चांगली टिपणं लिहिली असती तरी काय होणार होतं!

सर नेहमी कुबेरबद्दल बोलायचे. 26 नोव्हेंबर 2008 ला ज्या ट्रॉलरमधून ते दहा जण मुंबईजवळ आले, ती पोरबंदरची मच्छीमार बोट. नोंदणी भारतीय, बांधणी नेहमीची, बोट चालवणारा तांडेल आपलाच, फक्त त्याच्यावर बंदूक रोखलेली. कुठल्याही पडद्यावर ती निर्धोकच दिसली असती. कोर्लईचा बोया आणि हरिहरेश्वरची बोट या दोन्ही पाहताक्षणी भयंकर वाटल्या. कुबेर वाटली नसती. हे मनात ठेवूनच रोज ठिपक्यांकडे बघावं लागतं, नाहीतर चमत्कारिक दिसणाऱ्या गोष्टींच्या मागे धावण्यात पाळी संपते.

आणि त्या संध्याकाळी त्या दहा जणांना पहिल्यांदा हटकलं कुणी? कफ परेडला मच्छीमार नगरातल्या कोळ्यांनी. रबरी होडी, पाठीवर जड बॅगा, अनोळखी पोरं. कोण रे तुम्ही, असं विचारलं त्यांनी. उडवाउडवीची उत्तरं देऊन ती पोरं पुढे गेली.

2008 नंतर बरंच झालं. दीपस्तंभांवर रडार आणि कॅमेरे बसले, 20 मीटरपेक्षा लांब बोटींना एआयएस सक्तीचं झालं, मच्छीमारांना ओळखपत्रं मिळाली, किनारा सुरक्षेचे सागर कवच सराव होतात, गुरुग्रामला नौदलाचं विश्लेषण केंद्र उभं राहिलं. यंत्रणेतली ही सुधारणा मी नाकारत नाही. पण सोबत एक सवयही लागली: काहीही आलं की पुढे ढकलायचं. "माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी." जावक क्रमांक पडला की आपण सुटलो. उद्या काही घडलंच तर आम्ही कळवलं होतं असं म्हणायला कागद हवा.

त्यातून जे होतं ते बाहेरच्याला पटकन लक्षात येत नाही. एका बंदरावर कुणीतरी कुणाला सांगतो की अनोळखी माणसं फिरताना दिसली. ते एका कार्यालयाकडून येतं, दोन दिवसांनी दुसऱ्याकडून, मग तिसऱ्याकडून, थोड्या वेगळ्या शब्दांत. टेबलावर तीन इनपुट. कुणालाही वाटेल, तीन ठिकाणांहून दुजोरा मिळाला. मुळाशी जावं तर तिघांनी एकच व्हॉट्सअ‍ॅप मेसेज वाचलेला. सरांनी मला पहिल्या आठवड्यात हेच शिकवलं. प्रत्येक माहितीला दोन खुणा असतात, सांगणारा किती विश्वासाचा ते ए ते एफ, आणि सांगितलेलं किती संभवनीय ते एक ते सहा. दोन्हींचा एकमेकांशी संबंध लावायचा नाही. भरवशाचा माणूसही ऐकीव सांगू शकतो, आणि लफंगा कधीकधी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. एफ-सहा म्हणजे दोन्ही ठरवता येत नाही. नवीन मुलं एफ-सहा लिहायला लाजतात, अभ्यास कमी पडला असं दिसेल म्हणून. सी-तीन लिहितात, मधलं, सुरक्षित. मी ते परत पाठवते. हे याला कुणी सांगितलं, त्याला कुणी सांगितलं, आणि त्याने स्वतः पाहिलं का, एवढं विचारून ये म्हणते. मुलं वैतागतात. वैतागू देत.

सगळं तपासून "यात काही नाही" असं लिहायचं आणि खाली सही करायची, याला छाती लागते. धोका आहे असं लिहिणाऱ्याला कुणी कधी जाब विचारत नाही. या नोकरीतले माझे बहुतेक दिवस निरंक अहवालावर संपले आहेत आणि त्यातला प्रत्येक निरंक मी मनात दोनदा वाचलेला आहे. घरी "आज काय केलंस?" याला उत्तर नसतं. नवरा आता विचारत नाही, थेट चहा ठेवतो.

एका गोष्टीवर मात्र गेले काही महिने डोकं फिरलंय. सागरी पोलिसांच्या 1093 वर, नाहीतर तटरक्षक दलाच्या 1554 वर फोन करणारा मच्छीमार. त्याला दर्यावर काहीतरी वावगं दिसतं. कधी लाइट लावून मासेमारी करणारी परराज्यातली बोट, कधी खरंच वेगळं काही. तो फोन करतो. मग सागरी पोलीस येतात, त्याचेच कागद तपासतात, लायसन्स, खलाशांची ओळखपत्रं, लाइफ जॅकेटं मोजतात. त्याच्या फोनचं पुढे काय झालं ते त्याला कुणी सांगत नाही. गेल्या वर्षी एका मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत एक नाखवा, म्हणजे बोटीचा मालक, सगळ्यांसमोर म्हणाला, "मॅडम, तुमाला सांगितला का आमचाच धंदा बुरतो." कुणाकडे उत्तर नव्हतं. त्याने पुन्हा फोन का करावा? त्याच्याइतकं पाणी ओळखणारा कुठला पडदा आहे आमच्याकडे?

म्हणून एक साधं टिपण केलं. फोन करणाऱ्या प्रत्येकाला आठवड्याच्या आत उलटा फोन करायचा. गुप्त काही सांगायचं नाही, फक्त "तुम्ही सांगितलं ते पाहिलं, त्यात काही नव्हतं" किंवा "उपयोग झाला, धन्यवाद." खर्च शून्य. 1 ऑगस्टला बंदी उठेल, हजारो बोटी एकदम पाण्यात जातील. त्याआधी हे सुरू व्हावं, असं मुदतीसकट लिहिलं.

सरांना हे सांगितलं तेव्हा म्हणाले, "मंजूर नाही होणार. नवा पायंडा पडेल म्हणतील." मी म्हटलं, बघू.

दुपारी टिपणाची नस्ती, म्हणजे फाइल, परत आली. समासात हिरव्या शाईत शेरा: "चर्चा करावी." सोमवारी अकराची वेळ मागून घेतलीय. त्या नाखव्यालाही बोलावता आलं तर बघते, पण पाहुण्याच्या पासला कारण काय लिहायचं ते सुचत नाहीये.